थोरल्याचा कोरा तक्ता

मेडशीच्या शाळेतले शालिग्राम गुरुजी सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांतली चव्वेचाळीस वर्षं ते आपल्या धाकट्या भावावर जळत होते. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण गुरुजी जळायचे ते फार सभ्यपणे. मारोतराव समोर आला की ते त्याची, बैलांची आणि पऱ्हाटीच्या पिकाची चौकशी करत, आणि उत्तर चांगलं आलं की त्यांना रात्री आंबट ढेकर येत.

मारोतराव शेती करायचा. मोठ्यानं हसायचा, मोठ्यानं जेवायचा, आणि आपल्यावर कोणी जळत असेल अशी शंका घेण्याइतका विचार त्यानं कधी कोणत्याच गोष्टीचा केला नव्हता. हा त्याचा आणखी एक अपराध होता.

सात वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले. घराच्या मधोमध भिंत घातली, चुली दोन झाल्या. पंचांनी आईला, पंचफुलाबाईंना, विचारलं, बाई, तुम्ही कोणाच्या चुलीवर? म्हातारीनं आपला तांब्या उचलला आणि डाव्या दारानं आत गेली. डावं दार मारोतरावाचं. पंचांना त्यात विशेष काही वाटलं नाही. गुरुजींनी मात्र म्हातारीनं उंबऱ्यात आधी कोणता पाय टाकला तेही लक्षात ठेवलं होतं.

भिंत मातीची होती, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत म्हातारी "मारोती, मारोती" अशा हाका घाली. मारोती, दूध घे. मारोती, टोपी राह्यली. गुरुजींचं नाव मात्र तिच्या तोंडून जन्मात आलं नव्हतं. ती त्यांना "मोठा" म्हणे. पहिल्या लेकराचं नाव आईबापांनी घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी रीत होती आणि ती सगळ्या गावात पाळली जाई. रीत गुरुजींनाही माहीत होती. पण रीत माहीत असणं वेगळं आणि पलीकडून दिवसाला अकरा वेळा "मारोती" ऐकणं वेगळं. अकरा हा आकडा गुरुजींचाच. एका रविवारी त्यांनी मोजल्या होत्या.

ते स्वतः आईला "वैनी" म्हणत. लहानपणी घरात तीन काका होते, ते तिला वैनी म्हणायचे. तोच शब्द गुरुजींच्या तोंडी बसला. अशी घरं गावात पाचपन्नास होती. त्यावर विचार करावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून गुरुजींनी केला नाही.

हे असंच चाललं असतं. पण १९५५ सालच्या जानेवारीत वरून हुकूम आला की तालुक्यातल्या निवडक शिक्षकांनी वाशीमला तीन आठवड्यांच्या शिबिरात बालमानसशास्त्र शिकावं. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, अकोला मध्य प्रदेशात होता, आणि मध्य प्रदेश सरकारला आपल्या शिक्षकांना मन असावं अशी तळमळ लागली होती. मेडशीतून गुरुजींची निवड झाली. ते ज्येष्ठ होते, आणि दुसरा शिक्षक आजारी पडला होता.

शिकवायला नागपूरहून एक व्याख्याते आले होते. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि मूल कसं घडतं हे ते बारा बापांच्या समोर उभं राहून रोज सहा तास सांगत. व्हिएन्ना शहरात एक डॉक्टर होऊन गेले, म्हणाले, त्यांनी दाखवून दिलं की माणूस पहिल्या पाच-सहा वर्षांतच घडून जातो; पुढं आपण जे जगतो ती त्याची उजळणी. पहिल्या वर्षी लेकराचं सगळं सुख तोंडात असतं. मग ते शी धरून ठेवणं आणि सोडणं शिकतं, आणि ते शिकवताना आईनं घाई केली तर मोठेपणी चिकट होतं. मग चौथ्या-पाचव्या वर्षी मुलाला आई आपल्या एकट्याची हवी असते आणि बाप वाटेतला धोंडा वाटतो.

इथं धरमसिंग मास्तर उभे राहिले. ते मालेगावकडच्या एका बंजारा तांड्यावर शिकवत आणि शंका विचारण्यात त्यांना संकोच नव्हता. त्यांनी विचारलं की ज्या घरात चौदा माणसं एका खोलीत निजतात तिथं लेकरानं नेमक्या कोणाकोणाचा हेवा करावा. व्याख्याते म्हणाले की व्हिएन्नात कुटुंबं लहान असतात. धरमसिंग "मंग बरोबर हाय" म्हणून खाली बसले.

गुरुजी हे सगळं सुंदर अक्षरात उतरवून घेत होते, पण अंतर राखून. गोष्ट पटली ती चौथ्या दिवशी. डॉक्टरांचे काही शिष्य त्यांच्यापासून फुटून निघाले होते. गुरूचं प्रेम कोणावर जास्त, कोणावर कमी, यावरूनही बरीच धुसफूस झाली होती, असं व्याख्याते म्हणाले. ईर्षेच्या शास्त्राचा याहून चोख पुरावा गुरुजींना नको होता. त्यांतल्या एका शिष्याचं म्हणणं असं की पहिलं मूल म्हणजे राजा. दुसरं जन्मलं की त्याला गादीवरून उतरवतात, आणि तो उतरलेला राजा जन्मभर गादीकडे बघत राहतो.

गुरुजींनी हे वाक्य लिहिलं, खाली एक रेघ ओढली, थोडा वेळ थांबून दुसरी ओढली. सातासमुद्रापलीकडे, कापूस पिकत नाही अशा थंड देशात, त्यांना ओळखणारं कोणीतरी होतं.

पुढं आणखी एका अमेरिकेतल्या विद्वानाचं मत आलं, की घडण सहाव्या वर्षी संपत नाही, ती मरेपर्यंत चालते, आणि म्हातारपणाचं काम म्हणजे मागं वळून सगळं आयुष्य पदरात घेणं. पण गुरुजी अजून गादीपाशीच होते.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एक छापील तक्ता मिळाला. कोणत्याही एका व्यक्तीचं जन्मापासूनचं जीवनवृत्त, बावीस प्रश्न, उत्तरं शक्यतो आईकडून घ्यावीत. इतरांनी आपापल्या वर्गातली पोरं निवडली. गुरुजींनी मारोतराव निवडला. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की प्रौढ व्यक्ती घेतली तर कार्यकारणभाव पुरता दिसतो. खरं कारण असं होतं की लाडानं माणूस कसा बिघडतो हे आता शास्त्राच्या आधारानं, सरकारी कागदावर सिद्ध करता येणार होतं. त्यांनी तुलनेसाठी म्हणून दुसरा तक्ताही मागून घेतला. त्यावर नाव लिहिलं नाही.

रविवारी सकाळच्या मोटारीनं ते मेडशीला आले. मारोतराव वावरात गेला होता. पंचफुलाबाई डाव्या दारापुढच्या ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. बासष्ट वर्षांची बाई, नजर अजून अशी की तुरीतला खडा बोट लागायच्या आधी डोळ्याला दिसे.

सरकारनं विचारलं आहे, असं गुरुजींनी सांगितलं. म्हातारीनं सरकारला नाही म्हटलं नाही.

मग मारोतरावाचा तक्ता भरू लागला, आणि असा भरू लागला की कागद पुरेना. जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं माळावरून उतरताना. पहिला दात खालचा, सातव्या महिन्यात, अन् तो आला तेव्हा तीन दिवस ताप. पाऊल टाकलं ते कोंबडीमागं. अंगावर पाच वर्षं पीत होता. गोट्या खेळता खेळता यायचा, उभ्याउभ्या प्यायचा, आणि डाव त्याचा असला तर पोरांना थांबा म्हणून सांगून यायचा. कोणाला भ्यायचा, कशानं दचकायचा, झोपेत काय बडबडायचा, पहिला शब्द कोणता. पहिला शब्द "माय". म्हातारी सांगताना सुपातली तूर विसरली होती. गुरुजी समासातही लिहीत होते, आणि त्यांच्या अक्षराला कधी नव्हे तो तिरपेपणा येत होता.

बाविसावं उत्तर झालं. गुरुजींनी दुसरा तक्ता वर ठेवला.

"हा कोनाचा?" म्हातारीनं विचारलं.

"माहा."

म्हातारीनं सूप पुन्हा हातात घेतलं.

जन्म कोणत्या वेळी झाला? तिला ठाऊक नव्हतं, ती शुद्धीवर नव्हती. पहिला दात? ठाऊक नाही. चालायला कधी लागला? ठाऊक नाही. कोणाला भ्यायचा, काय मागायचा, झोपताना काय हट्ट करायचा? नाई ठाऊक, नाई ठाऊक, नाई ठाऊक. गुरुजी प्रामाणिक माणूस. त्यांनी प्रत्येक चौकटीत "माहीत नाही" असं पूर्ण लिहिलं. चौदा वेळा लिहिलं. पंधराव्याला टाक थांबला.

इथवर गुरुजींचं सगळं म्हणणं शास्त्रानं उचलून धरलं होतं, आणि नेमकं तेच त्यांना सोसवत नव्हतं. राजाला गादीवरून उतरवतात हे ठीक. पण या कागदावर राजा कधी गादीवर बसल्याचीच कोठे नोंद नव्हती. एवढ्या मोठ्या आयुष्यातलं एक तरी काही, एखादा दात, एखादं पडणं, या बाईजवळ आपलं म्हणून ठेवलेलं आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. एक असतं तरी त्यांनी उरलेले एकवीस सोडून दिले असते.

"वैनी," ते म्हणाले, "मारोतीच्या शेंबडाचा रंगबी तुले पाठ हाय. माही एकबी गोष्ट आठोत नाई?"

म्हातारीनं सूप एकदा पाखडलं.

"तू माह्यापाशी होता कवा, आठवाले?"

आणि मग तिनं सांगितलं. रागानं नव्हे, तूर निवडावी तसं, एकेक दाणा बाजूला करत. तिला पंधरावं वर्ष होतं. पहिलं लेकरू झालं ते घरातलं पहिलं नातवंड. सासूनं बारशाच्या आधीच ते आपल्याकडे घेतलं. तेव्हा सुनेनं वडीलधाऱ्यांपुढं आपलं पोर उचलणं म्हणजे निर्लज्जपणा होता. पोर भुकेनं रडलं की सासू आणून मांडीवर देई, समोर बसून राही, पिऊन झालं की उचलून नेई. अंघोळ सासू घाली, निजवी सासू. दात आला तो सुनेला कळला अंगावर चावल्यावर. सासू सगळ्या घराची माय. बाप तिला माय म्हणे, काका माय म्हणत, तेव्हा पोरही माय म्हणू लागलं. आणि जी बाई चुलीशी असे तिला काका वैनी म्हणत, म्हणून पोरही वैनी म्हणू लागलं. सासूला याचं कौतुक वाटायचं. कोणी आलंगेलं की ती मुद्दाम पोराला विचारी, ही रे कोन? पोर म्हणे, वैनी. सगळे हसत. सुनेनंही हसायचं असे.

"म्या लय जळली बुडीवर," म्हातारी म्हणाली. "ती मरावी असं मांगो मी देवाले. मानमोडीच्या साथीत मेली तवा तू दहा वर्साचा होता. तीन दिवस जेवला नाई. थेबी मले पाहावं लागलं."

गुरुजींच्या हातातला टाक वाळला होता.

"मी तुहं नाव घेत नाई, थे रीत हाय," ती म्हणाली. "तू मले माय म्हनत नाई, थे कोनती रीत व्हय?"

शास्त्रात याचं उत्तर असेल, पण ते आतापर्यंतच्या टिपणांत तरी नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं गुरुजींनी तिच्या हाका मोजल्या होत्या. आपली एकही मोजली नव्हती. भिंत मातीची होती, इकडूनही तिकडं सगळं ऐकू जात असणार, हे त्यांच्या डोक्यात आता आलं.

त्यांनी ओठ मिटले. मायमधला पहिला अर्धा आवाज काढायला ओठ मिटावे लागतात, तेवढं झालं. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी तोंडाला नवं वळण लागत नाही.

"वैनी," ते म्हणाले, "एकबी दिवस नाई?"

"एक हाय."

तो तिला पुरता पाठ होता. पोर तीन वर्षांचं. ज्वारी हुरड्यात आली होती, पाखरं राखायला तिला वावरात धाडलं होतं. सासू माळवं घ्यायला गेली तेवढ्यात हिनं कोणाला न विचारता पोर कडेवर मारलं आणि नेलं. अंगात पिवळं आंगडं, डाव्या बाहीला ठिगळ. वावरात हिनं त्याला मचाणावर बसवलं, हुरडा चोळून भरवला, गोफण हातात दिली. दुपारपर्यंत पोर खेळलं. बावीस पोपट त्यानं मोजले, म्हणजे बावीस वेळा "एक" म्हटलं. ती म्हणाली की इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं. मग उन्हं कलली, आणि पोरानं तोंड वाकडं केलं. रडू लागलं. वैनी, मले मायपाशी ने. वैनी, मले मायपाशी ने. तिनं सांगून पाहिलं, अरे मीच तुझी माय. पोर ऐकेना. म्हणालं, तू वैनी हाय.

"म्या तुले चापट मारली," म्हातारी म्हणाली. "या गालावर." तिनं स्वतःच्या उजव्या गालाला बोट लावलं. "लाल झालं. घरी नेलं तं बुडीनं पाह्यलं, अन् मले महिनाभर तुह्याजवळ येऊ देलं नाई. मंग मारोती झाला. म्या बाळंतपनाच्या बाजीवरूनच सांगतलं, याले कोनी हात लावाचा नाई. लाज सोडली तवा. तुह्या येळेले सोडाले पायजे होती."

एवढं बोलून तिनं वेगळ्या केलेल्या खड्यांची मूठ अंगणात फेकली.

गुरुजींनी पंधराव्या प्रश्नाकडे पाहिलं. "बालपणातील विशेष प्रसंग" असा तो होता. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं: आईने एकदा मारले. मग आंगड्याचा रंग लिहिला, ठिगळ लिहिलं, पोपटांची संख्या लिहिली. जागा संपली तेव्हा समासात शिरले.

वाशीमला परत गेल्यावर त्यांनी मारोतरावाचा तक्ता पिशवीतच ठेवला आणि दुसरा दिला. व्याख्यात्यांनी तो दोनदा वाचला. त्यांची अडचण अशी होती की यात बाप कोठेच नव्हता. गुरुजी म्हणाले, बाप वावरात असे. शिवाय, व्याख्याते म्हणाले, सिद्धांताप्रमाणे मुलानं आईवरून बापाचा मत्सर करायला हवा; इथं आईच मुलावरून आजीचा मत्सर करते आहे, आणि मुलगा भलत्यावरच जळतो आहे. हे बसत नाही. त्यांनी दहापैकी सहा गुण दिले. शिस्त आणि अक्षर यांचे.

धरमसिंग मास्तरांनी तक्ता मागून घेतला, दारात बसून वाचला. मग कागद परत करताना म्हणाले, "माह्या याडीनं, म्हंजे मायनं, मले रोज मारलं, गुरुजी. एकबी मार तिले आठोत नाई." आणि संध्याकाळी ते गुरुजींबरोबर चहाला गेले नाहीत.

शिबिर संपलं. गुरुजी मेडशीला आले ते बदलून आले असं म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांची सवय तीन आठवड्यांत जात नाही. पण आल्या दिवशीच ते आपण होऊन मारोतरावाकडे गेले. चौकशी केली, बैलांची केली. मग ओट्यावर बसून त्यांनी, केवळ शास्त्रीय दृष्टिकोनातून, धाकट्याला सगळी हकिकत सांगितली. पोपटांचा आकडा दोनदा सांगितला. आणि शेवटी म्हणाले की असं पाहता मारोतराव पाच वर्षं अंगावर प्याला यात मारोतरावाचं कर्तृत्व फारसं नाही; पहिल्याच्या वेळची भूक दुसऱ्यावर भागवली गेली, इतकाच त्याचा अर्थ.

मारोतराव ऐकताना हसत होता, कारण तो कोणतीही गोष्ट हसतच ऐके. अर्ध्यात हसणं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचार पडला होता, आणि तो कोठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. तो म्हणाला, "म्हंजे भाऊ, मले तुह्या बदल्यात वाढोलं?"

असं अगदीच नाही, असं गुरुजी म्हणाले. पण फार जोर देऊन म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी मारोतराव एक भाकर कमी जेवला. हे रुख्मिणीबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, जावेकडून ऐकून आणलं. गुरुजींनी खेद व्यक्त केला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी ते जेवायला बसले होते. भिंतीपलीकडे म्हातारी चुलीपाशी होती, आणि मारोतराव रोजच्यासारखा वावरात न जाता तिच्याजवळ घुटमळत होता. त्याचा आवाज आला. नेहमीचा नव्हे, बारीक.

"माय, तुवा मले कवा मारलं होतं का वं?"

"तुले कायले मारू?"

"एखांद्या येळी तं मारलं असन."

"नाई बाप्पा."

"आठोन पाय ना. रागारागात. लहान होतो तवा."

"अरे नाई म्हनलं ना. तुले बोट लावलं नाई म्या कवा."

मग मारोतराव म्हणाला, "भाऊले तं मारलं."

"त्याची गोष्ट येगळी हाय," म्हातारी म्हणाली.

"येगळी म्हंजे कशी?"

इकडे रुख्मिणीबाई तव्यावरची भाकर घेऊन आल्या आणि आणखी अर्धी वाढू का म्हणून विचारू लागल्या. शालिग्राम गुरुजींनी हातानंच पूर्ण वाढ म्हणून खूण केली, आणि मग तोच हात वर धरून त्यांना गप्प केलं, कारण पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं.